मेयोतल्या आमच्या गावात रोजगार आणायचा कसा?

मेयोकर

नमस्कार मंडळी,

पुढच्या आठवड्यात आमच्या गावच्या कम्युनिटी कौन्सिलची सभा आहे, जीएए (आयरिश देशी खेळांच्या) क्लबच्या हॉलमध्ये. विषय एकच: गावात उद्योग आणि नोकऱ्या कशा येतील. पत्रकावर "नव्याने राहायला आलेल्यांनीही जरूर यावं" असं छापलंय. म्हणजे आम्ही, हॉस्पिटलातल्या केरळी आणि फिलिपिनो नर्स आणि काही युक्रेनियन कुटुंबं. बोलायची वेळ आली तर काय बोलावं, म्हणून हा धागा काढतोय.

गावाचं नाव देत नाही. मेयो ही आयर्लंडच्या पश्चिमेकडची काउंटी, म्हणजे आपल्याकडचा जिल्हा. तिच्या पूर्व भागातलं दोनेक हजार वस्तीचं गाव समजा. मुख्य रस्ता एकच. बँकेची शाखा गेली, भिंतीवर तिच्या नावाच्या अक्षरांचे फिकट डाग राहिलेत. बंद दुकानांच्या काचांवर आतून चित्रं चिकटवलीयत, ताज्या पावांची, फुलांच्या परड्यांची. गाडीतून जाणाऱ्याला वाटावं दुकान चालू आहे. खरोखर चालतं ते को-ऑपचं दुकान (खत, पशुखाद्य, गमबूट), फार्मसी, चिपर (तळलेल्या मासे-बटाट्यांचं दुकान) आणि एक तुर्की न्हावी. गुरांच्या बाजाराच्या दिवशी मात्र गाडी लावायला जागा मिळत नाही.

आमच्या कौन्सिलरसाहेबांचं म्हणणं ठरलेलं आहे: "आयडीएने आम्हाला एक फॅक्टरी द्यावी." आयडीए म्हणजे परदेशी कंपन्या आयर्लंडमध्ये आणणारी सरकारी संस्था, १९४९ पासूनची. जागा दाखवते, अनुदान देते, काही ठिकाणी गिऱ्हाईक यायच्या आधीच शेड बांधून ठेवते. कोणत्या काउंटीत किती कंपन्यांना फिरवून आणलं याचा हिशेब इथले खासदार संसदेत मागत असतात. लग्नाच्या मुलीला किती स्थळं दाखवली, तसा.

पण फॅक्टरी म्हणजे कसली फॅक्टरी? मेयोतच दोन उदाहरणं आहेत, दोन्ही १९७७ ची. किलाला गावाबाहेर असाही या जपानी कंपनीने ॲक्रिलिक धाग्याचा कारखाना काढला. वेस्टपोर्टला ॲलर्गन आली, डोळ्यांच्या औषधांपासून सुरुवात करून. किलालाचा कारखाना १९९७ मध्ये बंद पडला. वेस्टपोर्टमध्ये आज जगभरचं बोटॉक्स (सुरकुत्या घालवणारं इंजेक्शन) तयार होतं. २०२० मध्ये ॲलर्गन ही कंपनी ॲबव्ही या दुसऱ्या औषध कंपनीने विकत घेतली, पण उत्पादन तिथेच राहिलं. सात हजारांच्या आतबाहेरच्या गावात एका आवारात हजाराहून जास्त माणसं कामाला.

एकच काउंटी, एकच साल, तीच आयडीए. मग फरक कुठे पडला? ज्यांना ठाऊक आहे त्यांनी लिहा.

लिफीकाठ

कटू बोलतो, राग मानू नका. दोन हजारांच्या गावात आता कोणीही कारखाना काढणार नाही. कंपनीला अभियंते लागतात, त्यांना कॉलेज लागतं, कंपनीच्या पुरवठादाराला दुसरी चार गिऱ्हाइकं लागतात. म्हणून वैद्यकीय उपकरणांवाले सगळे मेयोच्या शेजारच्या गॉलवे शहराच्या आसपास गोळा झाले. तिथेही मोठी वाढ धक्क्यानंतरच झाली. १९९३ मध्ये डिजिटल या संगणक कंपनीने गॉलवेतलं उत्पादन बंद केलं आणि शेकडो शिकलेली माणसं मोकळी झाली, त्यातून पुढचं उभं राहिलं. तुमच्या गावात मोकळी व्हायला आहे कोण?

आणि कराचं नाव घेऊ नका. साडेबारा टक्के (मोठ्या कंपन्यांना २०२४ पासून पंधरा) हा दर डब्लिनला तोच आणि तुम्हाला तोच. त्यामुळे कंपनी आयर्लंडला येते. ती मेयोला का यावी याचं उत्तर त्यात नाही.

पंचगंगा

वाचतोय. आमच्याकडे एमआयडीसीचा फलक लागला की प्लॉट कोणाला मिळाले याचीच चर्चा दहा वर्षं चालते, त्यामुळे विषय ओळखीचा वाटला. मेयोकर, तिकडे सहकाराचं काय? दूध तर भरपूर असेल.

क्लीनरूम

किलाला विरुद्ध वेस्टपोर्ट यावर मी लिहू शकतो. याच पट्ट्यातल्या एका औषध कारखान्यात आहे. कुठल्या ते विचारू नका.

किलालाचं गणित बघा. धाग्याचा कच्चा माल ॲक्रिलोनायट्राइल. तो बोटीने डब्लिन बंदरात यायचा, तिथून रेल्वेच्या टाक्यांतून देशाची अख्खी रुंदी पार करून मेयोतल्याच बॅलिनाला, तिथून टँकरने किलालाला. विषारी, ज्वलनशील रसायन, बरं का. तयार झालेला धागा पुन्हा उलट बाहेर. आणि हा धागा कोणीही बनवू शकतो. आशियात स्वस्त झाला की किलालाकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. गाड्या चालू होत्या त्या वीस वर्षांत बॅलिनाच्या रेल्वेला मालवाहतूक मिळाली, लोकांनी घरं बांधली, पोरं शिकली, हे खोटं नाही. पण कारखाना तिथेच असण्याला कारण काय, तर अनुदान आणि मोठी जागा. अनुदान कधीतरी संपतंच.

आता बोटॉक्स. त्यातल्या मूळ विषाचं वजन जवळजवळ शून्य, किंमत अफाट. वाहतूक हा खर्च नव्हेच. खरी भिंत आहे परवान्याची. प्रत्येक यंत्र, पाण्याची प्रत्येक नळी, हवेचा प्रत्येक फिल्टर तपासून कागदावर सिद्ध केलेला असतो. अमेरिकेचे आणि युरोपचे निरीक्षक येऊन ती कागदपत्रं चाळतात. आम्ही आत जाताना घरचे कपडे काढून एक थर, मग दुसऱ्या खोलीत बाकावरून पाय पलीकडे टाकून दुसरा थर, हातमोज्यांवर हातमोजे, आणि हे कोणत्या क्रमाने करायचं त्याचीही परीक्षा. एक व्हॉल्व्ह बदलायचा तर फाइल वीतभर जाड होते. असा कारखाना उचलून दुसऱ्या देशात न्यायचा म्हणजे हे सगळं पहिल्यापासून सिद्ध करायचं. म्हणून तो हलत नाही.

बॅलिनालाच कोका-कोलाचा कारखाना आहे, तो बाटल्या भरत नाही, अर्क बनवतो. तोच हिशेब. पाणी ज्याचं त्याने आपल्या देशात घालावं.

म्हणजे कौन्सिलरसाहेबांना विचारायचं ते हे: जे येईल ते वजनाला हलकं आणि हलवायला अवघड आहे का? तसं नसेल तर रिबीन कापायची घाई नको.

आणखी एक. आमच्याकडची माणसं चाळीस-पन्नास किलोमीटरवरून येतात. पहाटेच्या पाळीला पूर्व मेयोतून गाड्यांची रांग निघते. मेयोकर, तुमच्या गावात कारखाना आलाच पाहिजे असं नाही. कारखान्यातली माणसं तुमच्या गावात राहिली तरी बरंच काही होतं. मग प्रश्न वेगळा होतो: ती तिथे का राहत नाहीत?

लिफीकाठ

मान्य. म्हणजे गाव झोपायला, नोकरी दुसरीकडे. मग मुख्य रस्त्यावर दुपारी कोण असणार?

सुगरण_नव्हे

ती माणसं तिथे का राहत नाहीत ते मी सांगते, कारण मी तशाच एका गावात होते आणि आता नाही.

नवऱ्याला क्रिटिकल स्किल्सचा (ज्या कौशल्यांची टंचाई आहे त्यांचा) कामाचा परवाना मिळाला, आम्ही आलो. त्या परवान्यावर जोडीदाराला लगेच काम करता येतं, कागद पक्का होता. काम कुठे? मी पुण्यात सात-आठ माणसांची टीम सांभाळत होते. गावात जागा होत्या केअर होममध्ये आणि सुपरमार्केटच्या डेलीत, म्हणजे तयार खाण्याच्या काउंटरवर. कमीपणा नाही त्यात, पण ज्यासाठी शिकले ते तिथे नव्हतं. गाडीशिवाय कुठे जाता येत नाही आणि भारतीय लायसन्स इथे बदलून मिळत नाही. लेखी परीक्षा, सक्तीचे धडे, मग टेस्टची वाट बघा. लोकल लिंकची बस दिवसात मोजक्या वेळा. क्रेशमध्ये (पाळणाघरात) नाव नोंदवायला गेले तर बाई म्हणाल्या, पोटात असतानाच नोंदवायला हवं होतं. हसत म्हणाल्या, पण खरंच म्हणाल्या.

भाड्याचं घर मिळेना हे तर वेगळंच. अख्ख्या गावात भाड्याने एक घर होतं, आणि त्याच्या बाजूला दहा रिकामी. मालक ऑस्ट्रेलियात, नाहीतर वारसांचं भांडण.

लोक फार चांगले होते. शेजारच्या आजींनी पहिल्याच हिवाळ्यात टर्फ (जळणाची वाळवलेली दलदलीची माती) आणून दिलं, चूल कशी पेटवायची ते शिकवलं. तरी आम्ही गॉलवेला गेलो. कंपनी एका माणसाला नोकरी देते, राहायला येतं घर. नवऱ्याच्या नोकरीपुढे कोणी विचारच करत नाही. सभेत हे बोला.

कॉर्ककर

@सुगरण_नव्हे, यावरचं एक उत्तर आमच्या पश्चिम कॉर्कमध्ये आहे. स्किबरीन. वस्ती तीन हजारांच्या आत. २०१६ मध्ये तिथे लुडगेट हब, म्हणजे भाड्याने टेबल घेऊन काम करायची सामायिक जागा, सुरू झालं, जुन्या बेकरीच्या इमारतीत. नाव दिलंय पर्सी लुडगेट यांचं. ते स्किबरीनचेच, जन्म १८८३, आणि १९०९ मध्ये त्यांनी आपल्या गणनयंत्राची रचना प्रसिद्ध केली होती. गावाने आधी इंटरनेट मिळवलं, एक गिगाबिटचं, डब्लिनमधल्या कित्येक घरांत नव्हतं तेव्हा. मग टेबलं मांडली. परदेशात गेलेली इथलीच माणसं आपापली नोकरी घेऊन परत आली, काहींनी स्वतःचं काढलं. नोकरी गावात आणायचीच नाही, नोकरीवाला आणायचा.

२०२१ च्या ग्रामीण धोरणात सरकारने हीच कल्पना उचलली, आता देशभर हबचं जाळं आहे.

लिफीकाठ

आणि त्यातली निम्मी टेबलं सोमवारी रिकामी असतात. कंपन्यांनी लोकांना ऑफिसात परत बोलवायला सुरुवात केली की गावातल्या हबचं काय होतं ते बघा. स्किबरीनला समुद्र आहे, पैसेवाली हौशी मंडळी आहेत. पूर्व मेयोत पाणथळ जमीन आणि पाऊस.

कॉर्ककर

पाऊस आमच्याकडेही आहे हो.

गॉलवेचा_पाऊस

कोणीतरी आमच्या गॉलवेजवळच्या ॲथेनरायचं नाव काढेल म्हणून थांबलो होतो.

फेब्रुवारी २०१५ मध्ये ॲपलने जाहीर केलं, ॲथेनरायजवळच्या जंगलात ८५ कोटी युरोचं डेटा सेंटर. गाव हरखलं. मूठभर आक्षेप आले: वीज किती खाणार, पूर, झाडं, वटवाघळं. नियोजन मंडळाने २०१६ मध्ये मंजुरी दिली, प्रकरण कोर्टात गेलं, २०१७ मध्ये हायकोर्टाने आक्षेप फेटाळले, तरी अपील उरलंच. दरम्यान गावकऱ्यांनी ॲपलच्या बाजूने मोर्चा काढला. कंपनीसाठी मोर्चा! मे २०१८ मध्ये ॲपलने गाशा गुंडाळला. याच कंपनीने त्याच दिवशी जाहीर केलेलं डेन्मार्कचं सेंटर तोवर पुष्कळ पुढे गेलं होतं.

सगळे अजून हळहळतात, मी फार हळहळत नाही. डेटा सेंटरला कायमची माणसं लागतात किती? शे-दीडशे, आणि वीज अख्ख्या शहराएवढी. २०२३ मध्ये त्याच ॲथेनरायला डेक्सकॉम आली, मधुमेहींच्या ग्लुकोज सेन्सरवाली, ३० कोटी युरो आणि हजारापर्यंत नोकऱ्यांचं आश्वासन. का आली? आयडीएची जागा तयार होती, मोटरवे शेजारून जातो, रेल्वे स्टेशन आहे, गॉलवेची माणसं वीस-पंचवीस मिनिटांवर.

गंमत किलालाची. अमेरिकेहून येणारी समुद्राखालची केबल २०१५ मध्ये तिथे किनाऱ्याला लागली. न्यूयॉर्कचा डेटा गावाच्या पायाखालून जातो आणि थेट पुढे जातो.

बॅलीहॉनिसवाली

सगळे आयडीए, आयडीए करताय. माझ्या गावात आयडीएने काय आणलं ते राहू दे, एका माणसाने काय आणलं ते ऐका.

बॅलीहॉनिस, मेयोच. १९७० च्या दशकात शेर रफीक नावाचे पाकिस्तानी वंशाचे उद्योजक इथे आले आणि हलाल मांसाचा कारखाना काढला. गुरं आणि मेंढ्या इथे होत्याच, गिऱ्हाईक अरब देशांत होतं, मधला दुवा कोणाला दिसत नव्हता तो त्यांना दिसला. कामाला माणसं आली, त्यांची कुटुंबं आली, १९८७ मध्ये मशीद बांधली गेली. मेयोच्या खेड्यात, त्या काळी! पुढे इतर देशांची माणसं येत गेली. २०१६ च्या जनगणनेत गावातले सुमारे ४० टक्के लोक बिगर-आयरिश नागरिकत्वाचे होते, देशात सर्वाधिक प्रमाण. शाळेचे वर्ग भरलेले आहेत, हर्लिंगच्या (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) संघात पोरं आहेत. बाजूच्या गावांना संघ पुरा करायला दुसऱ्या क्लबशी हात मिळवावा लागतो.

गोडगोड चित्र रंगवत नाही. कत्तलखान्याचं काम थंडीत, पाण्यात, सुरी घेऊन उभ्याने करायचं असतं, पगार बेताचा, खांदे आणि मनगटं जातात. गॉलवेच्या गॉर्टमध्ये ब्राझीलची माणसं अशाच कामासाठी आली. आपली मराठी मंडळी हॉस्पिटल आणि आयटीच्या परवान्यावर येतात म्हणून ही बाजू आपल्याला दिसत नाही. पण खेड्यात टिकलेला रोजगार बघायचा तर इथेच बघावा लागतो: जे गावात पिकतं त्यावर चालणारा.

मेयोकर

@पंचगंगा, सहकाराचं राहून गेलं होतं, आणि बॅलीहॉनिसवालींच्या मुद्द्याला ते जोडूनच येतं.

केरी काउंटीतलं लिस्टोवेल. १९७२ मध्ये तिथे दुधापासून केसीन (दुधातलं प्रथिन) काढायचा कारखाना सुरू झाला. सरकारी डेअरी कंपनी, शेतकऱ्यांच्या आठ छोट्या संस्था आणि माल विकत घेणारी एक अमेरिकन कंपनी, अशी तिघांची भागी. त्यातून केरी ग्रुप उभा राहिला, १९८६ मध्ये शेअर बाजारात गेला आणि आज जगभरच्या अन्नकंपन्यांना चवी आणि घटक पुरवतो. गिऱ्हाईकच भागीदार होतं, म्हणून माल कोणाला विकायचा हा प्रश्न पहिल्या दिवसापासून सुटलेला.

उलट उदाहरण डोनेगलच्या ग्लेनकोलमकिलचं. फादर मॅकडायर १९५१ मध्ये तिथे आले, वीज, पाणी, रस्ते यासाठी सरकारच्या मागे लागले, सहकारी तत्त्वावर भाजी प्रक्रियेचा कारखाना, विणकाम वगैरे काढलं. भाजीचा कारखाना टिकला नाही. १९६७ मध्ये उभारलेलं गवताच्या छपरांचं लोकसंग्रहालय आजही चालतं. माणूस तळमळीचा, पण ग्लेनकोलमकिलहून भाजी बाजारात पोचवायची म्हणजे तोच किलालाचा प्रश्न.

मॉनहनचं कॉम्बिलिफ्टही घ्या. १९९८ मध्ये दोघांनी सुरू केलं. चारही दिशांना सरकणारी फोर्कलिफ्ट, लांबलचक लाकडं आणि पाइप अरुंद जागेतून न्यायला. आता जगभर विकतात, आणि अजून मॉनहनमध्येच आहेत, कारण मालक तिथलेच.

लिफीकाठ

सरकारी कचेऱ्या हलवायचा प्रयोगही यादीत घ्या. डिसेंबर २००३ च्या अर्थसंकल्पात एका भाषणात १०,३०० कर्मचारी डब्लिनमधून ५३ ठिकाणी पाठवायचं जाहीर झालं. कोणाला विचारलं नाही, कर्मचाऱ्यांना तर नाहीच. २०११ मध्ये योजना गुंडाळली. जेमतेम एक तृतीयांश हलले. गावं मतदारसंघ बघून निवडली की असं होतं.

मेयोकर

सभा झाली. वृत्तांत देतो.

ऐंशीएक माणसं आली, उभं राहायला जागा नव्हती. पहिला अर्धा तास आयडीएच्या नावाने बोटं मोडण्यात गेला. मग एका निवृत्त इंजिनिअर काकांनी (किलालाच्या कारखान्यात देखभाल विभागात होते, बंद पडल्यावर दुसरीकडे औषध कारखान्यात लागले) उठून शांतपणे सांगितलं की गावच्या सांडपाणी केंद्राची क्षमता संपलेली आहे. नवीन दहा घरांना परवानगी मिळत नाही, फॅक्टरी कुठली आणताय? हॉल गप्प. कौन्सिलरसाहेब म्हणाले हे आमच्या अखत्यारीत नाही. काका म्हणाले, "मग फॅक्टरी आहे का तुमच्या अखत्यारीत?"

मी क्लीनरूम यांचा मुद्दा मांडला, आणि सुगरण_नव्हे यांचा जसाच्या तसा. बायकांच्या बाजूने टाळ्या आल्या, आयरिश बायकांच्याच. प्रश्न त्यांचाही तोच आहे, फक्त व्हिसा नाही.

ठरलं ते असं. आयडीएकडे जायचं नाही, निदान आत्ता नाही. सांडपाण्यासाठी आमदार-खासदारांच्या मागे लागायचं, लेखी. मुख्य रस्त्यावरच्या रिकाम्या इमारतींचे मालक शोधायचे आणि दुकानांच्या वरचे मजले राहण्याजोगे करायचे. दोन वर्षं रिकामं असलेलं घर दुरुस्त करून राहण्यासाठी किंवा भाड्याने देण्यासाठी सरकार ५०,००० युरोपर्यंत देतं, पडझड झाली असेल तर ७०,००० पर्यंत. पण पैसे हातात येतात ते काम तपासून झाल्यावर, त्यामुळे ज्याच्याकडे भांडवल नाही तो फॉर्मच भरत नाही. क्रेडिट युनियन (सभासदांची पतसंस्था) मध्ये पडून कर्ज देईल का, हे फार्मसीवाल्या बाई विचारणार आहेत. आणि बँकेची रिकामी इमारत क्रेशसाठी मिळते का बघायचं. हबसाठी नको, हे एकमताने.

लिफीकाठ

क्रेशला शिक्षिका कुठून आणणार? त्यांचे पगार बघितलेत का?

सुगरण_नव्हे

खरंय. पण क्रेशमध्ये दहा-बारा बायकांना काम मिळतं, आणि चाळीस बायका कामावर जाऊ शकतात. ॲथेनरायच्या त्या डेटा सेंटरपेक्षा बरं गणित आहे.

पंचगंगा

मेयोकर, दुकानांच्या वरचे मजले राहण्याजोगे करणार म्हणता. वर जायला रस्त्यावरून वेगळा जिना आहे का? आमच्याकडे जुन्या पेठेत तिथेच घोडं अडतं.

मेयोकर

बरोबर नेम धरलात. काल काकांबरोबर फिरून नऊ इमारती बघितल्या. चारांना वेगळा जिना नाही, दुकानाच्या आतूनच वर जावं लागतं, आणि आगीच्या नियमांत ते बसत नाही. दोन शेजारच्या इमारतींत मिळून मागच्या अंगाने एकच जिना काढता येईल असं काकांना वाटतं. त्यातल्या एकीचा मालक पर्थला असतो. त्याची बहीण इथल्या को-ऑपमध्ये काउंटरवर आहे, शनिवारी तिला भेटतोय.